नाव ही अमानत आहे

मूल जन्माला येते तेव्हा त्याच्यापाशी स्वतःचे असे काहीच नसते. अंगावरचे दुपटे आजीने शिवलेले, पाळणा थोरल्या भावंडाचा, छप्पर आईबापांचे. त्याला मिळणारी पहिली गोष्ट, जी पूर्णपणे त्याची होते आणि त्याच्या मृत्यूनंतरही त्याचीच राहते, ती म्हणजे त्याचे नाव. पण ही वस्तू वापरतात मात्र इतर लोक. आपले नाव माणूस स्वतः क्वचित उच्चारतो. दिवसभर ते दुसऱ्यांच्या जिभेवर असते. जी वस्तू एकाची आणि हाती दुसऱ्याच्या, तिला आपण अमानत म्हणतो. अमानतीविषयी इस्लामची शिकवण काय आहे, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. प्रस्तुत लेखात तीच शिकवण नावाला, आणि विशेषतः घरोघरी सहज ठेवल्या जाणाऱ्या टोपणनावांना, लावून पाहावयाची आहे.

नाव कोणी ठेवावे?

जन्मानंतर सातव्या दिवशी अकीका करावा, बालकाचे केस उतरवावेत व नाव ठेवावे, असे हदीसमध्ये आले आहे. त्याचबरोबर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या पुत्राचे नाव, जन्म झाला त्याच रात्री, आपले पूर्वज ह. इब्राहीम (अ.) यांच्या नावावरून इब्राहीम ठेवल्याचे सहीह मुस्लिममध्ये नमूद आहे. म्हणजे पहिला दिवस असो वा सातवा, दोन्हींत सवलत आहे. या बाबतीत एकमेकांवर टीका करण्याचे कारण नाही.

नाव कोणी ठेवावे, हा प्रश्न मात्र अनेक घरांत रुसव्याफुगव्याचे निमित्त होतो. आजोबांना आपल्या वडिलांचे नाव हवे असते, फुफीने आधीच एक नाव ठरवून ठेवलेले असते, मामू कुवेतहून फोनवर तिसरेच सुचवितात, आणि नऊ महिने ज्या मातेने भार वाहिला तिला कोणी विचारीतही नाही. अशा वेळी पवित्र कुरआनातील एक प्रसंग ध्यानात घ्यावा. सूरह आलि इमरानमध्ये (३:३६) ह. मरयम यांच्या मातेचा उल्लेख आहे. आपल्या कन्येचे नाव मरयम ठेवीत असल्याचे ती स्वतः अल्लाहला सांगते. ते नाव मातेने ठेवले आणि अल्लाहने ते आपल्या ग्रंथात अजरामर केले. इमाम इब्नुल कय्यिम यांनी नवजात बालकाविषयी ‘तुहफतुल मौदूद’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. मातापित्यांत एकमत न झाल्यास पित्याचा शब्द अखेरचा, असे त्यांचे मत आहे. पण ज्याला अखेरचा शब्द दिला आहे, त्याने इतरांचे आधी ऐकून घेणे, हीच त्या अधिकाराची शोभा आहे.

नाव अरबीच असले पाहिजे असे बंधन नाही; अर्थ चांगला असणे आवश्यक आहे. अल्लाहला अब्दुल्लाह व अब्दुर्रहमान ही नावे सर्वाधिक प्रिय असल्याचे प्रेषितांनी (स.) सांगितले. ज्या नावाचा अर्थ वाईट, ते त्यांनी बदलले. ह. उमर (रजि.) यांच्या एका कन्येचे नाव ‘अवज्ञा करणारी’ अशा अर्थाचे होते, प्रेषितांनी (स.) ते बदलून जमीला ठेवले. येथे मराठी वाचकांनी एक काळजी घ्यावी. त्या मूळ नावाचा अरबी उच्चार देवनागरीत लिहिला असता ‘आसिया’ असाच दिसतो. फिरऔनची श्रद्धावंत पत्नी ह. आसिया यांचे नाव मात्र निराळ्या अक्षरांनी लिहिले जाते आणि ते उत्तम नाव आहे. आपल्या लिपीत हा भेद उमटत नाही. म्हणून एखाद्या आसियाला तुझे नाव वाईट आहे असे सांगून दुखविण्यापूर्वी जाणकार आलिमांना विचारावे. केवळ कानाला नवे वाटते म्हणून मोबाईलवरून उचललेल्या नावाबाबतही हाच सल्ला आहे. आधी अर्थ, मग नाद.

मालवणी मुलखात नाव कसे वळते?

नाव ठेवून झाले, अकीक्याचे जेवण झाले, की खरी कसोटी सुरू होते. कागदावरचे नाव आणि जिभेवरचे नाव यांत अंतर पडू लागते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळचे पिंगुळी गाव घ्या. ठाकर समाजाच्या चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांच्या कलेसाठी हे गाव सर्वदूर ओळखले जाते. या कलेच्या जतनाबद्दल तेथील श्री. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. या भागातली बोली मालवणी. ज्या जिल्ह्यात शंभरांमागे सुमारे तीनच मुसलमान आहेत, तेथे आपल्या मुलाचा सारा दिवस मालवणी बोलणाऱ्यांत जातो. शाळा, बाजार, एस.टी., क्रिकेटचे मैदान, सर्वत्र त्याचे नाव याच बोलीतून फिरते. आणि ही बोली नावाला तसेच राहू देत नाही. शंकरचा शंकऱ्या होतो, गणपतचा गणप्या होतो. त्याच ओघात हसनचा हसन्या आणि युसूफचा युसप्या होतो. यात धर्माचा द्वेष शोधू नये. शेजारी जे आपल्या शंकरला करतो, तेच तुमच्या हसनला करतो. किंबहुना त्याने त्याला आपल्यात धरले आहे, असाही त्याचा अर्थ असतो.

तरीही प्रश्न उरतोच. नाव लहान करण्याचे आपल्या भाषेत दोन मार्ग आहेत. ‘रामू’, ‘फातू’, ‘हसू’ म्हणताना जीभ मऊ होते. हे लहान करणे कुशीत घेण्यासारखे आहे. ‘-या’ लावून केलेले नाव मात्र दुधारी असते. बरोबरीच्या मित्राच्या तोंडी ते जवळिकीचे असते, तर वरच्याच्या तोंडी तेच हुकमाचे आणि कधी तुच्छतेचे होते. शब्द एकच असतो. तो कोण, कोणाला, किती जणांसमोर म्हणतो, यावर त्याचा अर्थ ठरतो. एका प्रकारात मूल प्रेमाने लहान होते, दुसऱ्यात ते इतरांच्या नजरेत लहान होते. टोपणनावाचा सारा नैतिक प्रश्न या दोहोंतील अंतरात आहे.

प्रेषितांच्या घरातील लाडकी नावे

काही धर्मपरायण घरांत टोपणनाव सरसकट निषिद्ध मानले जाते. ही भूमिका कुरआन-हदीसच्या प्रकाशात टिकत नाही. ह. लुकमान आपल्या मुलाला उपदेश करतात, ह. नूह (अ.) वादळात मुलाला हाक मारतात, ह. याकूब (अ.) यूसुफला (अ.) स्वप्न कोणास सांगू नको म्हणून बजावतात, तेव्हा कुरआनात जो शब्द येतो तो ‘बुनय्य’. अरबीत ‘पुत्र’ या शब्दाचे हे लाडके, लहान केलेले रूप आहे. आपण ‘बाळा’ म्हणतो किंवा मालवणीत ‘झिला’ म्हणतो, त्याच जातीचे. धोक्याच्या व उपदेशाच्या घटकेला या पित्यांच्या तोंडी लाडाचा शब्द येतो, ही बाब आपण घरी रागावताना आठवण्यासारखी आहे.

प्रेषित (स.) स्वतः ह. आयेशा (रजि.) यांना कधी ‘आइश’ अशी संक्षिप्त हाक मारीत, सेवेतील ह. अनस (रजि.) यांना ‘उनैस’ म्हणत. अनस यांच्या लहानग्या भावाला ते ‘अबू उमैर’ म्हणत. त्याचा पाळलेला पक्षी मेला तेव्हा त्याची विचारपूस त्यांनी याच नावाने केली. एवढ्याशा मुलाला ‘अमक्याचा पिता’ अशी मोठ्या माणसाची उपाधी! आपण मुलांना लाडाने लहान करतो, तर त्यांनी या मुलाला लाडाने मोठे केले. मांजरीच्या पिलावरून ओळखले गेलेले ह. अबू हुरैरा (रजि.) आज साऱ्या जगात त्याच नावाने आदरास पात्र आहेत.

सर्वांत बोधप्रद उदाहरण ह. अली (रजि.) यांचे आहे. ते मशिदीत निजले होते, पाठीला माती लागली होती. प्रेषितांनी (स.) ती झटकीत त्यांना ‘अबू तुराब’, म्हणजे मातीचा धनी, असे संबोधून उठविले. ह. सहल बिन सअद (रजि.) सांगतात की, अलींना याहून प्रिय नाव दुसरे नव्हते. पुढे राजकीय वैराच्या काळात काही विरोधकांनी हेच नाव त्यांना हिणविण्यासाठी वापरले. नावात एका अक्षराचाही फरक पडला नव्हता. एका हाताने ते माती झटकताना दिले होते, दुसऱ्या हातांनी ते चिखलासारखे फेकले.

मनाई कशाची आहे?

सूरह अल-हुजुरातच्या अकराव्या आयतीत श्रद्धावंतांना तीन गोष्टींपासून रोखले आहे : एकमेकांची थट्टा, एकमेकांस टोमणे, आणि एकमेकांस वाईट उपनावांनी पुकारणे. या आयतीच्या अवतरणाविषयी एक वृत्तांत हदीसग्रंथांत आहे. प्रेषित (स.) मदीनेस आले तेव्हा बनू सलमा कुळातील बहुतेकांना दोन-तीन नावे होती. प्रेषितांनी (स.) एखाद्यास त्यांतील एका नावाने हाक मारली की लोक सांगत, या नावाने त्याला राग येतो. तेव्हा ही आयत अवतरली. हाक मारणाऱ्याच्या, म्हणजे साक्षात प्रेषितांच्या (स.), मनात तिळमात्र वाईट नव्हते. मग प्रश्न कशाचा होता? ज्याला हाक मारली त्याला ते नाव सलत होते, याचा.

येथे आपल्या घरांतील नेहमीचे समर्थन गळून पडते. ‘आम्ही प्रेमाने म्हणतो’, ‘गंमत आहे’, ‘आमच्याकडे शिवीसुद्धा मायेची असते’, असे आपण म्हणतो. ही सर्व वाक्ये बोलणाऱ्याच्या हेतूविषयी आहेत. हेतूचा हिशेब अल्लाहपाशी आहेच. पण दुसऱ्याच्या अमानतीत मालकाची मर्जी पाहावी लागते. टोपणनाव चांगले की वाईट, हे ठरविण्याचा हक्क ते ठेवणाऱ्याचा नाही, ज्याचे नाव आहे त्याचा आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. हदीसच्या परंपरेत ‘अल्-आमश’ (अधू दृष्टीचा) आणि ‘अल्-आरज’ (लंगडा) अशा नावांनी ओळखले जाणारे थोर विद्वान आहेत. मग ती उपनावे कशी चालली? आलिमांनी उत्तर दिले आहे की, एकाच नावाच्या अनेकांतून ओळख पटविण्यापुरती, हिणविण्याचा हेतू नसताना, अशा नावाला मुभा आहे. दुसऱ्या नावाने ओळख पटत असेल तर ते अधिक चांगले. इस्माईल नामक एक विख्यात विद्वान आईच्या नावावरून ‘इब्न उलय्या’ म्हणून प्रसिद्ध होते व त्यांना ते आवडत नसे. ही नापसंती कळल्यावर इमाम अहमद बिन हंबल यांनी आपल्या सोबतच्या विद्वानास त्यांचे नाव पित्याच्या नावासह घेण्यास सुचविले. सगळे जग जे नाव घेत होते, तेही एका माणसाच्या मनासाठी बदलावे असे त्यांना वाटले.

आता काळ्या, जाड्या, बुटक्या, चष्मिस, तोतऱ्या ही नावे आठवा. ज्या रूपात अल्लाहने घडविले, त्याच रूपाची ही थट्टा आहे. आणि मूल हसते, म्हणून त्याला चालते असे समजू नका. दहा जणांत आपल्यावर हसले जात असता मुलापुढे दोनच वाटा असतात : रडावे आणि आणखी हसे करून घ्यावे, किंवा सर्वांबरोबर हसावे. बहुतेक मुले दुसरी वाट धरतात. त्या हसण्याला संमती म्हणणे हा अन्याय आहे. शिवाय दोन वर्षांच्या बाळाला जे नाव गोड वाटले ते बारा वर्षांच्या मुलाला सलू शकते. तेव्हा त्याला एकांतात विचारा; आणि तो ‘नको’ म्हणाला तर ते नाव त्याच दिवशी घरातून निरोप घेऊन जावे.

आदरापोटी आणि भीतीपोटी पडलेली नावे

काही टोपणनावांमागे थट्टा नसते, रूढी असते. आजोबांचे नाव नातवाला ठेवतात. पण सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारावयाचे नाही असा दंडक. मग बिचारी आई स्वतःच्या मुलाला ‘बाबू’ किंवा ‘आबा’ म्हणत राहते आणि ठेवलेले सुंदर नाव दप्तरात पडून राहते. वडीलधाऱ्यांविषयीचा हा आदर मोलाचा आहे; परंतु नाव न उच्चारण्यात आदर आहे, ही शरीअतची शिकवण नाही. प्रेषितांनी (स.) पुत्राला पूर्वजाचे नाव दिले ते घेण्यासाठीच. उलट, आजोबांनीच एकदा सुनेला, ‘बेटी, त्याला नावाने हाक मार, मला आनंद होईल’, असे म्हटले तर पिढ्यांची गाठ एका वाक्यात सुटेल.

दुसरी रूढी भीतीची. पाठोपाठ मुले दगावली की पुढच्याला दगडू, धोंडू, कचरू असे नाव ठेवण्याची प्रथा महाराष्ट्रात होती. आपल्या समाजातही ती शिरली. त्या मातापित्यांचे दुःख खरे होते, त्यावर हसू नये. पण नजर लागू नये म्हणून प्रेषितांनी (स.) ह. हसन व हुसैन यांना कुरूप नावे दिली नाहीत. त्यांना अल्लाहच्या आश्रयात देणारी दुआ ते पढत असत, आणि ह. इब्राहीम (अ.) हेही इस्माईल व इस्हाक यांच्यासाठी तीच दुआ पढत, असे त्यांनी सांगितले. रक्षण अल्लाह करतो; नाव सुंदरच असू द्या.

तिसरी गोष्ट निष्काळजीपणाची. अब्दुर्रहमानला नुसते ‘रहमान’ आणि अब्दुर्रज्जाकला नुसते ‘रज्जाक’ म्हणण्याची सवय आहे. ही अल्लाहची गुणनामे आहेत. ‘अब्द’ म्हणजे दास. तो शब्द गाळला की दासाला स्वामीचे नाव दिल्यासारखे होते. आणि उरलेले नुसते ‘अब्दुल’ हे अर्धेच वाक्य राहते. लांब नाव ठेवावयाचे असेल तर ते पूर्ण घेण्याची तयारी ठेवावी. नसेल तर हसन, यूसुफ, ह. मरयम यांच्यासारखी छोटी, सुरेख नावे पुष्कळ आहेत.

घरात हा विषय कसा काढावा?

समजा, दादीने नातवाला ‘काळू’ म्हणावयास सुरुवात केली आहे आणि आईला ते खटकते. एकीकडे मुलाची अमानत, दुसरीकडे वडीलधाऱ्यांची अदब. दोन्ही फर्ज वाटतात आणि घर तंग होते. येथे दोन दाखले मार्ग दाखवितात.

पहिला सूरह मरयममधला. ह. इब्राहीम (अ.) पित्याची गंभीर चूक दाखवितात, पण दर वेळी ‘हे पित्या’ अशा जिव्हाळ्याच्या संबोधनाने आरंभ करतात. म्हणजे वडिलांना चूक सांगता येते, फक्त आवाज मुलाचा असावा लागतो. आणि शक्यतो दादीला हे तिच्या स्वतःच्या मुलाने सांगावे. सुनेवर तो भार टाकू नये.

दुसरा दाखला बुखारीतला. ‘हज्न’, म्हणजे खडतर, या नावाच्या गृहस्थांना प्रेषितांनी (स.) ‘सहल’, म्हणजे सुलभ, हे नाव सुचविले. पित्याने दिलेले नाव बदलणार नाही, असे ते म्हणाले. प्रेषितांनी (स.) जबरदस्ती केली नाही. त्यांचे नातू, थोर विद्वान सईद बिन मुसय्यिब, पुढे सांगत की, तो कठोरपणा आमच्या घराण्यात तसाच राहिला. यात दोन्ही बाजूंना धडा आहे. सुचविणाऱ्याने सक्ती करू नये. आणि ज्याला सुचविले त्याने ‘आमच्यात असेच म्हणतात’ एवढ्यावर अडून बसू नये, कारण त्या हट्टाची किंमत पुढची पिढी मोजते.

शेजाऱ्यांबाबतही हाच क्रम आहे. ‘हसन्या’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याला दोष देण्यापूर्वी आपल्या उंबरठ्यातून कोणती हाक बाहेर जाते, ते ऐका. शेजारी तेच नाव उचलतो, जे आपल्या घरातून ऐकतो. आई-वडील संध्याकाळी अंगणातून ‘हसन’ असे स्पष्ट पुकारतील, तर वाडीलाही ते वळण लागेल. आणि आपणही शेजारच्या शंकरला शंकरच म्हणावे. चांगल्या नावाने पुकारले जाण्याचा हक्क केवळ मुसलमानांच्या मुलांचा नाही.

कागदावरचे नाव

दोन व्यावहारिक गोष्टी सांगून संपवितो. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत वा नगरपंचायतीत करावयाची असते. नाव ठरले नसेल तर घाईने ‘बाबू’ लिहवू नका. नावाविना नोंद करून नाव मागाहून भरता येते, आणि बारा महिन्यांच्या आत भरल्यास विलंबशुल्कही पडत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदार नोंदणीपर्यंत जन्मतारीख व जन्मस्थळ सिद्ध करण्यास जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो. म्हणून त्यावरील स्पेलिंग नीट पाहा. आखातात नोकरीस किंवा हजला जाताना एका अक्षराच्या फरकाने काय हाल होतात, हे कोकणातील कुटुंबांना सांगावयास नको.

आणि आपल्याकडे नावापुढे वडिलांचे नाव लावण्याची जी मराठी रीत आहे, ती जपा. माणसांना त्यांच्या पित्यांच्या नावाने पुकारा, या कुरआनच्या आदेशाशी (३३:५) ती जुळणारी आहे. लग्नानंतर मुलीचे मूळ नाव बदलण्याचीही शरीअतने गरज सांगितलेली नाही. ह. आयेशा (रजि.) प्रेषितांच्या (स.) पत्नी झाल्या, तरी अबू बक्र यांची कन्या आयेशा म्हणूनच ओळखल्या गेल्या.

वाचक बंधू-भगिनींनो, पिंगुळीच्या कळसूत्री बाहुलीला नाव आणि आवाज सूत्रधार देतो आणि बाहुली काही बोलत नाही. आपले मूल आज बोलत नसले तरी उद्या बोलणार आहे. ज्या अल्लाहने आदमला (अ.) सर्व वस्तूंची नावे शिकविली, तो आपणा सर्वांना एकमेकांची नावे आदराने घेण्याची सद्‌बुद्धी देवो. आमीन.